सूचना : तळमजल्यावरील बाथरूम रंग वाळेपर्यंत बंद राहील

सर्व सभासदांना नमस्कार.

सभागृहालगतच्या बाथरूमचे रंगकाम येत्या शुक्रवारी सायंकाळी पूर्ण होत असून, शनिवार व रविवार हे दोन्ही दिवस ते कोणीही वापरू नये, अगदी हातपाय धुण्यापुरतेसुद्धा नाही. कुलूप सोमवारी सकाळी 8 वाजता उघडेल. चावी तोवर सचिवांकडे राहील.

बोट लावून पाहिले की रंग दोन तासांतच वाळल्यासारखा वाटतो, परंतु तो केवळ वरचा पापुद्रा असतो. उन्हाळ्यात आपल्या जळगावात वाळवण लवकर कडक होते, पण सध्याच्या पावसाळी, दमट हवेत आतल्या थरातील पाणी सावकाश उडते. मागील खेपेस घाई झाली, पहिल्याच दिवशी गरम पाण्याची वाफ भिंतीवर बसली आणि गिझरखाली तपकिरी, चिकट ओघळ उतरले. गणपतीत पाहुणे येणार असल्याने पुन्हा तसे होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

- खिडकी उघडी व एक्झॉस्ट फॅन चालू राहील. कृपया कोणीही बंद करू नये.
- दम्याचा त्रास असणाऱ्यांनी व लहान मुलांनी वास जाईपर्यंत तेथे थांबू नये.
- सोमवारनंतरही साधारण महिनाभर भिंती साबणाने घासू नयेत, कारण रंग पूर्ण पक्का होण्यास तेवढा काळ लागू शकतो. ओला टॉवेलही भिंतीला टेकवू नये.

तोपर्यंत पहिल्या मजल्यावरील बाथरूम सर्वांसाठी खुले आहे.

— व्यवस्थापक समिती