रविवारच्या ड्युटीबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं, तुझं तू बघ" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, आधी सगळं वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

पुढच्या महिन्यापासून मी रविवारची ड्युटी घेतलीय आणि माझी सुट्टी आता मंगळवारी. कोणी जबरदस्ती केली नाही, मीच मेट्रनना लिहून दिलं. पैशासाठी नाही, जास्तीचा एक रुपया मिळत नाही त्याचा. आमच्या आयसीयूतल्या बहुतेक मुली लहान लेकरांच्या आया आहेत, शाळा बंद रविवारी, नवरा घरी रविवारी, आणि नेमकी त्यांचीच ड्युटी. सोनू आता होस्टेलला, ह्यांची शिफ्ट ठरलेली नाही, मग मी इन्चार्ज असून रविवार धरून बसायचं आणि त्या पोरींनी लेकरू शेजारणीकडे ठेवून यायचं हे मला पटेना. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते बाबा, दोघी लागतात त्याला, एकीने मान आणि नळी धरायची आणि दुसरीने पाठीखाली हात घालायचा, नाहीतर पाठ फुटते माणसाची. रविवार आहे म्हणून ते सोमवारवर ढकलता येत नाही. प्रभू येशूने अठरा वर्षं वाकलेल्या बाईला शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशीच, बरं केलं आणि सभास्थानाच्या अधिकाऱ्याला विचारलं, तुम्ही तुमचा बैल सोडून पाण्यावर नेता की नाही. हा उतारा मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तुम्ही म्हणणार, नऊ आज्ञा पाळायच्या आणि चौथी, शब्बाथ पाळायची, सोडून द्यायची का. नाही सोडत आहे बाबा, खरंच नाही. मी बरेच दिवस ह्यावर वाचतेय, प्रार्थना करतेय, मगच ठरवलं. आत्या शनिवार पाळायला लागल्यापासून घरात हा विषय काढायची चोरी झालीय, पण तिचं एक म्हणणं बरोबर आहे हे मान्य करायला हवं. पवित्र शास्त्रात शब्बाथ सातवा दिवसच आहे, रविवारला कुठेही शब्बाथ म्हटलेलं नाही. शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमायचे कारण प्रभू त्या दिवशी उठला, पण त्या दिवशी काम बंद ठेवा असं त्यांना कोणी सांगितलेलं मला तरी सापडलं नाही, आणि त्यांच्यात किती तरी दास होते, त्यांना कोणता मालक सुट्टी देणार होता. प्रेषित पौलाने तर रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात लिहिलंय की कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपल्या मनाची खात्री असू द्या. कलस्सैकरांच्या पत्रात पण तेच, शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये. रविवारी काम बंद हा कायदा आला थेट ३२१ साली, कॉन्स्टंटाईन बादशहाचा, आणि त्यातही फक्त शहरातले न्यायाधीश, कारागीर वगैरेंना बंद होता, शेतकऱ्याला सूट होती, पेरणीची वेळ हातची जाऊ नये म्हणून. म्हणजे त्या बादशहालाही कळत होतं की काही कामं थांबत नाहीत.

पण म्हणून आत्यासारखं शनिवारच पाळला पाहिजे असं मला वाटत नाही, आणि ह्यावरून तिच्याशी बोलणं टाकलंय ते बरं नाही बाबा, एवढी एकच तर बहीण तुम्हाला.

आणि माणसांनी ठरवला म्हणून आपल्या रविवारची किंमत कमी होत नाही हेही मला माहीत आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो असाच मिळाला नाही, नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मागत होते तेव्हा १० जून १८९० ला मिळाला. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, ख्रिस्ती नव्हते, रविवार खंडोबाचा वार हेही त्यांचं एक कारण होतं. मला ते वाचून भरून आलं. कारण पवित्र शास्त्रातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देवाने शब्बाथाचं कारणच हे दिलंय, तू मिसर देशात दास होतास त्याची आठवण ठेव, आणि तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळू दे. माझ्या मते आज्ञेचा जीव तिथे आहे. वार बदलला तर चालेल, पण आपल्यामुळे दुसऱ्याचा विसावा जाऊ नये, आणि आपणही आठवड्यात एक दिवस हात थांबवून देवापुढे बसावं. म्हणून माझा मंगळवार मी कडक पाळणार, त्या दिवशी कपड्यांचा ढीग नाही, ड्युटीचे मेसेज नाहीत. आणि रविवारी मला सकाळची शिफ्ट असते, तीनपर्यंत मोकळी होते, संध्याकाळच्या उपासनेला जाणार, पाळकसाहेबांशी बोलले आहे. तेव्हा चर्च सुटलं ही काळजी मनातून काढा.

आता आईचं. बाबा, हे टोमणा म्हणून घेऊ नका. तुम्ही शनिवारी संध्याकाळी पेपर पसरून सगळ्यांच्या चपला-बुटांना पॉलिश करायचात, रविवारी पेन सुद्धा हातात धरायचा नाहीत, दुपारी योसेफाची गोष्ट सांगायचात आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचे, त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात. पण त्या मांडीला मसाल्याचा वास असायचा. पहाटे उठून वाटण, मग मटण शिजत टाकून चर्च, शेवटच्या गीताला तिची घराकडे धावायची घाई, कारण उपदेशकसाहेब, त्यांच्या मिसेस, कोण कोण जेवायला. घरात सगळ्यांना शब्बाथ होता, तिला नव्हता. आता तिचे गुडघे बघा, उठताना ओट्याला धरते. तिने कधी तक्रार केली नाही म्हणून मी करतेय.

तर आता ऐका दोघं. रविवारी गॅसवर फक्त चहा आणि गरम करणं. रानात देव इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातून अन्न, द्यायचा तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचं आणि भाजायचं-शिजवायचं ते आदल्या दिवशीच उरकायचं, निर्गमचा सोळावा अध्याय, बाबांना पाठ आहे. भाजी, डाळ शनिवारीच करून फ्रिजमध्ये ठेवायची, भाकरी सकाळी कोपऱ्यावरच्या ताईंकडून नको, त्यांचाही रविवार आहे, शनिवारच्या पोळ्या डब्यात राहतात. पाहुणे आले तर तेच खातील. गरम करायचं काम बाबांचं. भांडी राहू दे सिंकमध्ये, मावशींना रविवारी बोलवायचं नाही आणि पगार कापायचा नाही, तेवढे पैसे मी पाठवते.

बाबा, बीपीची गोळी रविवारी उपासनेच्या आधीच घ्यायची, आल्यावर घेतो म्हणून ती राहून जाते, मला आईने सांगितलंय, तिच्यावर चिडू नका. चक्कर आली, छातीत काही वाटलं तर वार बघत बसायचं नाही, रिक्षा करून सरळ दवाखाना. मेंढरू खड्ड्यात पडलं तर शब्बाथ दिवशीही काढतातच की.

मी पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीने नगरला येतेय. स्टॅंडवर घ्यायला यायचं नाही, ऊन असतं. आणि आई, माझ्यासाठी काही करून ठेवू नकोस, कैरीचं लोणचं असेल तर तेवढंच काढून ठेव, खिचडी मी आल्यावर टाकते. बाबांची शुगर मागच्या आठवड्यात किती आली ते मला कागदावरून बघून मेसेज कर, अंदाजाने नको.

तुमची,
बेबी