पिण्याच्या पाण्याची नळी पारखायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका आणि काकू,

सादर नमस्कार.

गेल्या जुलैत स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, अलापूल गावाजवळच्या कॅम्पसाइटवर आपल्या शेजारच्या जागेत इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेले एक पांढरे मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, उभे होते, त्याच्या दारात एक आजी चहाचा भरलेला कप गवतावर ओतत होत्या आणि त्यांची सून तिसऱ्यांदा आधण ठेवत होती, हे आपणांस आठवत असेल. ती सून मी. सासूबाईंचे “अगं, चहा नाही, पाण्यालाच वास येतोय” हे वाक्य काकूंच्या कानी पडले, त्या मराठीतच “कसला वास येतोय?” असे विचारत पुढे आल्या आणि पाठोपाठ आपण आलात. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण पुढच्या मुक्कामाला निघालात, तेव्हा आमची तारांबळ चालली होती आणि आपला दूरध्वनी क्रमांक घ्यायचे राहून गेले. निघताना आपण म्हणाला होता की, आभार मानायचेच असतील तर हे आणखी चार घरांना सांगा. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्यापर्यंत ते पोहोचावे ही इच्छा आहेच, आणि मोटरहोम घेऊन निघणाऱ्या इतर मराठी कुटुंबांनाही ते वाचता यावे.

आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. कॅम्पसाइटच्या नळावरून गाडीच्या टाकीत पाणी भरण्यासाठी तिच्याबरोबर आलेली नळी तडकलेली होती, म्हणून निघण्यापूर्वी मी बागकामाच्या दुकानातून नवी घेतली. घेताना मी तिचा जाडपणा पाहिला, आत विणलेली जाळी पाहिली, पंचवीस मीटर लांबी पाहिली आणि ती सहजासहजी पिळा पडून बंद होणार नाही, याची खात्री करून घेतली. तिच्यातून जाणारे पाणी माझा सहा वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई पिणार आहेत, हा विचार निवडीच्या वेळी माझ्या मनात आलाच नाही. गाडीच्या टाकीची, पंपाची, गाळणीची मी चौकशी केली होती. नळी मात्र मला केवळ पाणी इकडून तिकडे नेणारी वस्तू वाटली.

वास यायला लागल्यावर मी जे केले तेही येथे सांगितले पाहिजे, कारण अनेक जण तेच करत असतील. वास दवाखान्यासारखा, जखम धुण्याच्या औषधासारखा होता. टाकी अस्वच्छ असणार असे समजून मी बाळांच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करण्यासाठी मिळणारे क्लोरीनचे द्रावण टाकीत घातले आणि त्याच नळीने टाकी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी वास दुप्पट झाला. मी आणखी द्रावण घालण्याच्या बेतात होते, तेवढ्यात आपण मला थांबवलेत.

त्या संध्याकाळी त्या भागातल्या बारीक चावऱ्या माश्यांचा थवा डोक्याभोवती घोंघावत असताना आपण जवळजवळ दीड तास आमच्या गाडीपाशी उभे होतात. आपण आधी एकही सल्ला दिला नाहीत. तीन स्वच्छ पेले मागितलेत. एकात कॅम्पसाइटच्या नळाचे थेट पाणी, दुसऱ्यात दुपारपासून नळीत साचून राहिलेले पाणी आणि तिसऱ्यात आमच्या टाकीतले पाणी घेतलेत, तिन्ही थोडे कोमट करायला लावलेत आणि कोणता पेला कुठला हे न सांगता सासूबाईंच्या हातात दिलेत. पहिला पेला त्यांनी आनंदाने पिऊन टाकला. दुसरा नाकाजवळ नेऊन खाली ठेवला. तिसरा त्यांनी हातभर अंतरावरूनच परत केला. स्कॉटलंडचे पाणी मुळात हलके आणि गोड. आमच्या रेडिंगच्या, किटलीत पांढरा थर धरणाऱ्या जड पाण्यापुढे तर अमृतच. ते पाणी नळापासून टाकीपर्यंतच्या पंचवीस मीटरांत बिघडत होते, हे कोणत्याही व्याख्यानाविना आम्हां सर्वांना कळले.

मग आपण कारण सांगितलेत. नळाच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून थोडे क्लोरीन ठेवलेले असते. बागेच्या नळीचे रबर किंवा प्लॅस्टिक पिण्याच्या पाण्याचा विचार करून बनवलेले नसते आणि त्यातून फिनॉल वर्गातली द्रव्ये अत्यल्प प्रमाणात पाझरू शकतात. क्लोरीन आणि ही द्रव्ये एकत्र आली की क्लोरोफिनॉल नावाची संयुगे तयार होतात, आणि ती इतक्या सूक्ष्म प्रमाणातही जिभेला जाणवतात की टाकीभर पाण्यावर त्यांची छाप पडते. पाणी गरम केले की वास अधिक वर येतो. म्हणून मुलाने गार पाणी कुरकुर न करता प्यायले आणि सासूबाईंचा चहा मात्र बिघडला. मी क्लोरीन वाढवले, म्हणजे त्या अभिक्रियेला आणखी सामग्री पुरवली. “दोन दिवस प्यायलात म्हणून घाबरण्यासारखे काही नाही,” असे आपण सासूबाईंना आवर्जून सांगितलेत, “पण नळी पाण्याला काहीतरी देते आहे, एवढे त्या वासाने सांगितले ना? मग ती बदलायची.” त्या एका वाक्याने माझ्या छातीवरचे दडपण उतरले, यासाठी मी आपली वेगळी ऋणी आहे.

आपण पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेत आणि जत्रा-मेळाव्यांसाठी टाकल्या जाणाऱ्या तात्पुरत्या जलवाहिन्या तपासल्यात, हे आम्हांला नंतर काकूंकडून कळले. नळी कशी निवडावी याबद्दल आपण जे सांगितलेत ते त्या अनुभवातून आलेले होते, आणि दुकानातल्या पाटीवर ते कुठेही सापडत नाही.

पहिली गोष्ट रंगाची. ब्रिटनमध्ये पिण्याच्या पाण्याची नळी निळी असण्याची प्रथा आहे, पण निळा रंग हा पुरावा नव्हे, असे आपण दोनदा बजावलेत. त्याहून फसवा शब्द “अन्नासाठी योग्य”. मलाही तो पुरेसा वाटला असता. दूध, बियर किंवा तेल यांच्या संपर्कात चालणारे प्लॅस्टिक क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्यात चव बदलणार नाही, असे त्या शब्दातून सिद्ध होत नाही, कारण त्याच्या कसोट्या निराळ्या असतात. पाण्यासाठीची ब्रिटिश कसोटी म्हणजे बीएस 6920. तिच्यात पदार्थ पाण्यात ठेवून पाण्याला वास किंवा चव येते का, रंग अथवा गढूळपणा येतो का, त्याच्यावर सूक्ष्मजीव पोसले जातात का, पेशींना अपायकारक असे काही पाझरते का आणि धातू उतरतात का, हे सारे पाहिले जाते. नळीवर किंवा तिच्या वेष्टनावर हा क्रमांक अथवा नळ-नळ्यांच्या सामानाला मान्यता देणाऱ्या डब्ल्यूआरएएस या ब्रिटिश योजनेची मान्यता शोधायची, आणि ती मान्यता तयार नळीला आहे की केवळ तिच्या कच्च्या मालाला, हेही वाचायचे, हा बारकावा तर आपल्याशिवाय आम्हांला कोणी सांगितलाच नसता. जर्मनीत हेच काम केटीडब्ल्यू ही खूण करते, फ्रान्समध्ये एसीएस. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही फेरीबोटीने युरोपच्या मुख्य भूमीवर जाणार आहोत, तेव्हा ही अक्षरे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतील.

लांबीबद्दल आपण मांडलेला हिशेब माझ्या मनात सर्वांत खोल रुजला आहे. साधारण साडेबारा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, म्हणजे अर्ध्या इंची नळीत दर मीटरला सुमारे 120 मिलिलिटर पाणी राहते. दहा मीटरांत सव्वा लिटर, पंचवीस मीटरांत तीन लिटर. लांब नळी घेतली आणि ती उन्हात भरलेली पडून राहिली, तर प्रत्येक वेळी हे तीन लिटर शिळे, कोमट पाणी आधी टाकीत जाते. आपण “शिळे पाणी” म्हणालात आणि मला साताऱ्याच्या वाड्यातली माझी आजेसासू आठवली. मी तिला पाहिलेले नाही, पण सासूबाई सांगतात की ती रोज पहाटे हंड्यातले कालचे पाणी तुळशीला घालून हंडा चिंचेने घासल्याशिवाय नवे पाणी भरू देत नसे आणि नळाच्या तोंडाला पांढरे फडके बांधत असे. आपण प्रयोगशाळेत शिकलेले आणि तिने घरात पाळलेले एकच होते, हे ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या प्रवासात त्यांना आपण परक्या देशात अडगळीसारखे आलो आहोत असे वाटत होते, आणि आपण त्यांच्याशी पाण्याविषयी एका जाणकाराने दुसऱ्याशी बोलावे तसे बोललात.

बाकीचे नियम आपण भराभर सांगितलेत आणि मी गाडीच्या नकाशाच्या पाठीवर लिहून घेतले. पारदर्शक नळी घेऊ नये, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरते. चपटी, चाकावर गुंडाळता येणारी नळी जागा कमी खाते, पण ती पूर्ण उलगडल्याखेरीज पाणी नीट वाहत नाही आणि आतून कोरडी होणे तर कठीणच; तिला आपण मनाई केली नाहीत, फक्त आळशी माणसाने ती घेऊ नये असे म्हणालात. नळाच्या आट्यांचे माप कॅम्पसाइटनुसार बदलते, बहुतेक ठिकाणी पाऊण इंची असते, म्हणून दोन-तीन मापांचे जोड आणि चार वायसर जवळ ठेवावेत. नळीचे टोक जमिनीवर टेकू देऊ नये, टाकीतल्या पाण्यात बुडवू नये, आणि वापर झाल्यावर पाणी पूर्ण काढून दोन्ही टोके एकमेकांत अडकवून ठेवावीत, म्हणजे आत किडा-मुंगी जात नाही.

एका बाबतीत मात्र आपला आवाज करडा झाला होता. गाडीतल्या शौचालयाची मैला साठणारी पेटी रिकामी करण्याच्या जागी धुण्यासाठी जो नळ आणि नळी असते, तिच्याशी पिण्याच्या नळीचा कधीही, घाईतसुद्धा, संबंध येता कामा नये, आणि दोन्हींचे सामान एका कप्प्यात ठेवायचे नाही. आमच्या गाडीत ते एकाच कप्प्यात होते. त्याच रात्री माझ्या यजमानांनी कप्पे बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण स्वतःची नळी आम्हांला वापरायला दिलीत. नुसती दिली नाहीत, तर टाकी तीनदा भरून रिकामी होईपर्यंत आपण तेथेच होतात. आधी साध्या पाण्याने टाकी, पंप आणि स्वयंपाकघरातल्या व न्हाणीतल्या तोट्या धुऊन काढायच्या, वास गेल्याची खात्री करायची आणि मगच योग्य मापात निर्जंतुक करायचे, हा क्रम आपण लावून दिलात. मी नेमके उलटे करत होते. गरम पाण्याची छोटी टाकी विसरू नका, असे आपण आठवण करून दिल्यावर तिच्यातूनही तोच वास निघाला. आपण न सांगता निघून गेला असतात, तर आम्ही ती टाकी तशीच ठेवली असती आणि नव्या नळीला दोष देत बसलो असतो.

तेथून आम्ही इन्व्हर्नेसला गेलो आणि आपण लिहून दिलेला कागद हातात धरून दोन दुकाने पालथी घातली. पहिल्या दुकानात निळ्या नळ्या होत्या, पण एकीवरही क्रमांक नव्हता. तीन दिवसांपूर्वी मी त्यांतली एखादी समाधानाने उचलली असती. दुसऱ्या दुकानात हवी ती मिळाली. आपल्या सांगण्याप्रमाणे दहा मीटरची एक आणि गरज पडली तर जोडायला पाच मीटरची दुसरी, अशा दोन घेतल्या. घरी आल्यावर नवी नळीसुद्धा आपण शिकवल्याप्रमाणे रात्रभर पाण्याने भरून ठेवली आणि सकाळी ते पाणी कोमट करून सासूबाईंना वास घ्यायला दिले. त्यांनी मान डोलावली, तेव्हाच ती गाडीत गेली.

त्यानंतर आमच्या चार सहली झाल्या. प्रत्येक मुक्कामी माझा मुलगा नळाचे तोंड पुसतो, नळी लावतो आणि पाणी टाकीत सोडण्यापूर्वी दहापर्यंत आकडे मोजत ते बाहेर वाहू देतो. हे काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नाही. सासूबाई साताऱ्याला परतल्या आहेत आणि दर रविवारी बोलताना “त्या पाण्याच्या काकांचा काही निरोप?” असे विचारतात.

आपल्या नळीचा पितळी जोड त्या सकाळच्या गडबडीत आमच्या नळीलाच राहिला. तो धुऊन, कोरडा करून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. हे पत्र आपल्या वाचनात आले तर कृपया पत्ता कळवावा. आपण इंग्लंडात असलात तर तो हातात द्यायला आम्ही स्वतः येऊ, आणि येताना काकूंसाठी सासूबाईंनी पाठवलेले साताऱ्याचे कंदी पेढे आणू.

आपली कृतज्ञ,
अलापूलच्या कॅम्पसाइटवरची आपली शेजारीण,
रेडिंग