दहा पानं, पण साक्षीदार एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासगावात सार्वजनिक वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, तरी प्रकल्पांचा मोसम आला की कॉलेजची पोरं वह्या घेऊन घरी येतात. यंदा एका मुलीचा विषय होता प्रतिसरकार, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभं केलेलं समांतर सरकार. पहिलंच वाक्य: ‘१९४३ साली सांगली जिल्ह्यात…’ म्हटलं, अगं, तेव्हा सांगली जिल्हा होता कुठे? तासगाव, वाळवा साताऱ्यात, कुंडल औंध संस्थानात आणि सांगली तर स्वतःच संस्थान. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. जुन्या कागदपत्रांत ‘सांगली’ शोधणाऱ्याला पटवर्धनांचं संस्थान सापडेल, नाना पाटील नाहीत.

ती म्हणाली, ‘‘सर, दहा वेबसाइटवर असंच आहे.’’ मोबाइल घेऊन पाहिलं. दहाही ठिकाणी तेच वाक्य, एकाच शब्दावरचा अनुस्वार दहाही ठिकाणी गळालेला! म्हणजे लिहिणारा एक आणि उतरवून घेणारे नऊ. त्या एकाचं नाव, साल, त्यानं काय पाहून लिहिलं, यातलं काहीच कुठे नाही.

पण आकडे जुळले नाहीत म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय, असंही नसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची तीव्रता कुठे ६.३, कुठे ६.५, कुठे ७ दिलेली आढळते. मुलं गोंधळतात आणि मधला आकडा उचलतात. भूकंप मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, नंतरच्या अभ्यासात जुने आकडे तपासून बदललेही जातात. कोणत्या मापनाचा, कोणी काढलेला, हे सांगणारं पान घ्यावं. नुसता आकडा फेकणारं सोडावं, मग ते सरकारी का असेना.

वाईत घडलेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, बहुतेकदा संदर्भही. मी पोरांना आधी तिकडेच पाठवतो. मात्र त्याचा पहिला खंड १९७६ चा. जुन्या नोंदीतली लोकसंख्या आजची म्हणून उतरवली तर दोष कोशाचा नव्हे.

हल्ली नवीनच प्रकार. एआयनं सुचवलेल्या पुस्तकांची यादी घेऊन मुलं येतात. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही! ग्रंथालयाच्या सूचीत शोधलं तर पाच मिनिटांत कळतं. पण गुण संदर्भांच्या लांबीवर मिळणार असतील तर शोधतो कोण? मास्तरांनी यादीतले दोनच संदर्भ निवडावेत आणि ‘हे पान उघडून दाखव’ म्हणावं. वह्या निम्म्या होतील, होऊ देत.

आता थोडं आपल्या वृत्तपत्राकडे. ‘सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा इशारा पातळीवर’ अशी बातमी शोधताना समोर येते आणि वर सालच दिसत नाही. २००५ ची, २०१९ ची की २०२१ ची? पुराचा अभ्यास करणाऱ्याला अशी बातमी निरुपयोगी, आणि ऐन पावसाळ्यात नदीकाठच्यांच्या जिवाला घोर. आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक बातमीच्या मथळ्याखालीच पहिल्या प्रसिद्धीची पूर्ण तारीख छापावी. मजकूर नंतर बदलला असेल तर काय बदललं आणि कधी, हेही तिथेच नोंदवावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, तासगाव (जि. सांगली)