फलकावर 'सुस्वागतम्' पुरे झाले, वेळ, अंतर आणि पाणी लिहा

प्रति,
संपादक महोदय,

विषय : खान्देशातील डोंगर-जंगलात सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी उपयोगी माहितीचे फलक लावण्याबाबत

स. न. वि. वि.

पाऊस उघडला, दिवाळीची सुट्टी तोंडावर आली. आता दर रविवारी पाटणादेवी, पाल, मनुदेवी, लळिंग, तोरणमाळ इथे गाड्यांची रांग लागेल. लोकांना ही ठिकाणे ठाऊक झाली ती ऑगस्टमधल्या धबधब्यांच्या व्हिडिओंमुळे. पण लेकराबाळांना घेऊन पायी हिंडायचा खान्देशातला खरा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच असतो. त्याआधी ओढे भरलेले आणि दगड शेवाळलेले असतात. त्यानंतर जळगाव-भुसावळचा पारा चाळिशीकडे पळू लागतो आणि मे महिन्यात ४५ अंशांच्याही वर जातो. गंमत अशी की आपली बहुतेक कुटुंबे नेमकी भर पावसात नाहीतर मेच्या सुट्टीत डोंगरावर जातात.

या ठिकाणी फलकांची वानवा नाही. स्वागताचे आहेत, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आहेत, 'वने वाचवा' सांगणारे आहेत. आई-वडिलांना हवी असते ती माहिती मात्र क्वचित दिसते. वाट किती किलोमीटर, चढ किती, वर पिण्याचे पाणी आहे का, किती वाजता मागे फिरायचे, आणि काही झालेच तर सर्पदंशावरचे प्रतिविष (इंजेक्शन) असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? गावातल्या कुणाला विचारले तर उत्तर येते, "आठेच शे", म्हणजे 'इथेच आहे'. ते खोटे नसते, पण ते रोज डोंगर चढणाऱ्याच्या पायांनी मोजलेले अंतर असते. ही पाच उत्तरे प्रत्येक वाहनतळावर एका फलकावर लिहावीत, एवढीच आमची मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत कुटुंबांनी हिशेब स्वतःच करावा, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

आधी वेळ. सपाट वाटेवर मोठा माणूस तासाला चार-साडेचार किलोमीटर सहज चालतो. सोबत सहा-सात वर्षांचे मूल असेल तर दोनच धरा. चढ असेल तर उंचीच्या दर १०० मीटरला २० मिनिटे वाढवा. म्हणजे तीन किलोमीटरची वाट आणि २०० मीटरचा चढ असेल, तर जायला दोन तास दहा मिनिटे. उतरताना निम्मा वेळ लागेल असे सगळे गृहीत धरतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडचे उतार मुरमाचे आहेत. ऑक्टोबरनंतर त्या मुरमावर वाळलेले गवत आडवे पडते आणि त्यावर बुटाचा तळवा सरळ घसरतो. घसरण्याचे प्रसंग चढताना कमी, उतरताना जास्त येतात. पाऊल आडव्या पात्यांवर न टाकता गवताच्या ठोंबाच्या बुडाशी टाकावे, गुडघे किंचित वाकवावेत, मुलाला हाताला धरून ओढू नये. त्याच्या एक पाऊल खाली, बाजूने चालावे. म्हणून उतरायलाही चढण्याइतकाच वेळ धरा. वरच्या उदाहरणात विश्रांतीसह पाच तास झाले. सकाळी सातला पायथा सोडला तर बाराला खाली. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या तासभर आधीच अंधारून येते. दुपारी तीननंतर कितीही जवळ आले असे वाटले तरी परतीची वाट धरावी.

पाण्याचा हिशेबही असाच कागदावर करायचा. हिवाळ्यात अर्ध्या दिवसाला मोठ्या माणसाला दोन लिटर, लहान मुलाला एक. फेब्रुवारी उतरणीला लागला की तीन आणि दीड. चौघांच्या कुटुंबाला हिवाळ्यातसुद्धा सहा लिटर, म्हणजे सहा किलो ओझे. ते एकाच्याच पाठीवर देऊ नका, वाटून घ्या. पाणी निम्मे संपले की, कुठेही असा, परत फिरा. किल्ल्यावरच्या टाक्यांतले पाणी कितीही निवळशंख दिसले तरी ते पिण्यासाठी धरू नका. घाम फार गेल्यावर नुसते पाणी ढोसल्याने पोटऱ्यांत गोळे येतात. त्यासाठी ओआरएसची पुडी बरी, नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. मूल चालता चालता गप्प झाले, चिडचिडे झाले, त्याचे तोंड लाल होऊन घाम थांबला, तर तो हट्ट नव्हे. सावलीत निजवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने मान, काखा आणि जांघा पुसा, वारा घाला आणि रुग्णालय गाठा.

आता कुणी कुठे जावे. ज्यांच्या मुलांना चालायची सवय नाही त्यांनी एकदम सातपुडा गाठू नये. जळगावकरांना लांडोरखोरीचे वनउद्यान आणि मेहरूण तलावाचा काठ आहे, धुळेकरांना नकाणे तलाव. तिथे तीन-चार रविवार तासभर चालवले की नवे बूट कुठे चावतात हे घराजवळच कळते. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर स्थलांतरित बदके उतरतात. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरून पहाटे जावे. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. दहापटीची मुलांच्या हातात थरथरते, मग त्यांना काहीच दिसत नाही आणि ती कंटाळतात.

धुळ्याजवळचा लळिंग किल्ला मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे, म्हणून लोक तो जाता जाता 'करून टाकायला' निघतात आणि भर दुपारी चढतात. वाटेवर सावली जवळजवळ नाही. झुडपी रान, उघडा मुरूम आणि खालून तापलेला दगड. सकाळी लवकर गेलात तर आठ-दहा वर्षांच्या मुलांना झेपतो. तापी-पांझरेच्या मुलखात पहिला डोंगरी किल्ला म्हणून दाखवायला याहून सोयीचा दुसरा नाही. गाडी महामार्गाच्या कडेला उभी न करता गावात लावावी.

चाळीसगावपासून १८ किलोमीटरवरचे पाटणादेवी मात्र पूर्ण दिवस द्यावा असे ठिकाण आहे. यादवकाळातले मंदिर, केदारकुंडाचा धबधबा, कण्हेरगड, वरच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ उभारल्याचा शिलालेख याच पाटणचा. गणितात नाक मुरडणाऱ्या मुलांना आवर्जून न्यावे. चूक होते ती एका दिवसात सगळे उरकण्याच्या हव्यासाने. मूल दहा वर्षांखालचे असेल तर मंदिर आणि धबधब्याची वाट पुरे. पितळखोरे चालत करायचे तर दरीतून दगडगोट्यांची वाट आहे, ती वाटाड्याशिवाय करू नये. ज्यांना लेणीच पाहायची आहेत त्यांनी कन्नडच्या बाजूने गाडीने जाऊन पायऱ्या उतराव्यात. उतरलेल्या पायऱ्या परत चढायच्या आहेत हे आजी-आजोबा सोबत असतील तर आधीच सांगावे.

तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलावाचा काठ सपाट, वयस्कर माणसांनाही जमण्यासारखा. सीताखाईच्या कडेला मात्र मुलांचा हात सोडू नये. शहाद्यातच पेट्रोल भरून घ्यावे, मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नये, घाटाचा रस्ता उजेडीच उतरावा. डिसेंबर-जानेवारीत वर रात्री चांगलाच गारठा असतो. खाली शहाद्यात घाम येत होता म्हणून स्वेटर घरी ठेवणारे रात्रभर कुडकुडतात.

पावसाळ्यात जाणारे जाणारच, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. मनुदेवी काय किंवा गारबर्डीचे सुकी धरण काय, डोक्यावर ऊन असले तरी सातपुड्यात वर कोसळलेल्या पावसाचे पाणी ओढ्याने थोड्याच वेळात खाली येते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, त्यात काड्या-पाने वाहू लागली, आवाज जड झाला, की सामान तिथेच टाकून काठ चढायचा. आणि ओढा ओलांडून पलीकडे जेवायला बसायचे नाही. पूर आला की बहुतेक लोक अडकतात ते याचमुळे.

जंगलाचे नियम लोकांना माहीत नसतात असे नाही, ते इतरांसाठी आहेत असे वाटते. यावल अभयारण्य १९६९ चे, गौताळा औट्रमघाट आणि अनेर धरण १९८६ ची. ही उद्याने नव्हेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीने जायचे असते. तिथे कचरा टाकणे, प्राण्यांना छेडणे आणि आग पेटवणे हे गुन्हे आहेत. इथे खान्देशी माणसाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवावे लागते : भरीत. थंडीत आसोदा-बामणोदची वांगी घेऊन पऱ्हाट्यांचा जाळ करायची हौस शेतात खुशाल पुरवा, अभयारण्यात नको. डिसेंबरात गवत कोरडे झालेले असते, विझली म्हणून सोडलेली राख संध्याकाळच्या वाऱ्याने पुन्हा फुलते. शिवाय धूर कड्यावरच्या आग्या मोहोळाला लागला तर अख्ख्या दरीतली माणसे पळतात. भरीत घरून करून न्या, कळण्याच्या भाकरीबरोबर गारही छान लागते. ताटे स्टीलची न्या. कागदी द्रोण वाऱ्याने उडतात आणि तेल लागलेला कागद गुरे नि वानरे खातात.

मोहोळ उठलेच तर हात हलवू नका, जमिनीवर लोळू नका, पाण्यात उडी मारू नका. ओढणीने किंवा शर्टाने डोके-तोंड झाकून, नाका-डोळ्यांपुरती फट ठेवून, एका दिशेने लांब पळा आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. नांगी नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. कड्याजवळ जाताना अत्तर, स्प्रे नको. साप चावला तर चिरा देणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे, मंत्र-तंत्र काहीही नको. अंगठी, कडे, जोडवी काढा, तो हात किंवा पाय फळीने न हलेल असा ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. जंगलासंबंधी तक्रार किंवा मदतीसाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

बारीकसारीक वाटणाऱ्या दोन गोष्टी मुलांना सर्वांत जास्त रडवतात. एक कुसळ. हे गवताचे टोकदार बी मोज्यात शिरते, त्याची पिळलेली शेपटी ओलाव्याने फिरते आणि बी स्क्रूसारखे आत आत जाते. टोकाशी मागे वळलेले केस असतात, म्हणून शेपटी धरून उलटे ओढले की अर्धे मोडून आत राहते. टोक ज्या दिशेला आहे त्याच दिशेने पुढे काढावे. दुसरी खाजकुइली, तपकिरी मखमली शेंगांची. मुलांना त्या हमखास हात लावाव्याशा वाटतात. लागली तर चोळू नये. चिकटपट्टी दाबून उचलावी, तीन-चार वेळा, आणि मगच धुवावे.

फलकाबरोबर आणखी दोन गोष्टी व्हाव्यात. वाटेच्या सुरुवातीला बायकांसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह हवे. ते नसते म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हाचा त्रास त्यांनाच आधी होतो. आणि सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी तरुणांना वाटाडे म्हणून नेमून त्यांचे दर त्याच फलकावर लिहावेत, म्हणजे घासाघीसही नको आणि फसवणूकही नको.

फलक वाहनतळावरच लावावा. अर्ध्या वाटेवर लावलेला वाचून कुणी मागे फिरत नाही. तोवर आपल्या दैनिकाने हंगामात दर शुक्रवारी चार ओळी छापाव्यात : कोणता घाट बंद, कोणत्या ओढ्याला पाणी, कोणते प्रवेशद्वार किती वाजेपर्यंत उघडे, रविवारचा सूर्यास्त किती वाजता. स्थानिक वार्ताहर आणि वनरक्षक यांच्या एका फोनवर ही माहिती मिळू शकेल.

कळावे,
आपले,
जळगाव-धुळ्याचे काही डोंगरभटके