हजारावा अंक आला, पण गोष्ट कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कॉमिक्सच्या हजाराव्या अंकांचं कौतुक वाचलं. लेख छान होता, पण हे अंक वाचून आमच्यासारखे जुने वाचक किती हिरमुसतात ते त्यात आलंच नाही, म्हणून लिहितोय.

सुपरमॅनवालं 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' १९३८ ला सुरू झालं, हजारावा अंक २०१८ ला आला, ८० पानांचा. मी कितीतरी महिने आधीपासून वाट बघत होतो. आत काय तर वेगवेगळ्या लेखकांच्या छोट्या छोट्या गोष्टी, एक रंगायला लागली की संपली. त्यातली 'द कार' मात्र मनात बसली. पहिल्या अंकाच्या कव्हरवर सुपरमॅन जी गाडी उचलून आपटतोय ना, तिचा मालक ती मोडकी गाडी घेऊन मेकॅनिककडे येतो, नंतर सुपरमॅन स्वतः त्याला गाठतो आणि सुधरायची वाट दाखवतो. मोजक्या पानांत डोळ्यात पाणी आलं हो! आणि मग शेवटची गोष्ट उघडली तर नवा व्हिलन, तुफान मारामारी आणि ऐन रंगात आल्यावर थांबली, पुढचं हवं असेल तर दुसरी सिरीज घ्या. ८० वर्षांच्या प्रवासाचा शेवट जाहिरातीवर? पुढच्याच वर्षी बॅटमॅनवाल्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा हजारावा आला, ९६ पानं, तिथेही तेच, शेवटचा भाग म्हणजे पुढच्या स्टोरीची तयारी. आणि एकाच अंकाला वेगवेगळी कव्हरं किती ती, आतला मजकूर तोच.

आकड्यांचं पण असंच. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' १९९८ ला ४४१ वर थांबवलं, १९९९ ला परत १ पासून सुरू केलं, आणि २००३ मध्ये ५८ नंतर एकदम ५००! बेरीज बरोबर आहे, ४४१ आणि ५८ म्हणजे ४९९, पण मग मधली चार वर्षं जुना आकडा का नको होता? मोठा अंक जवळ आला की जुना हिशोब आठवतो, याचं वाईट वाटतं.

पूर्वी सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. १९७१ चा शंभरावा स्पायडर-मॅन घ्या, पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनलाच, शक्ती सोडून साधं आयुष्य जगायचंय, औषध पितो, आणि शेवटच्या पानावर त्याला चार जास्तीचे हात फुटतात, झालं, पुढचं पुढच्या अंकात. आणि पीटरची प्रेयसी ग्वेन मरते तो अंक कितवा? १२१. काही विशेष आकडा नाही, पण १९७३ पासून आजपर्यंत लोक त्यावर बोलतायत.

मोठ्या आकड्याला चांगली गोष्ट जमतच नाही असंही नाही. स्पायडर-मॅनचाच १९८८ चा ३०० वा अंक बघा. व्हेनम नावाच्या व्हिलनमुळे पीटरची बायको मेरी जेन घाबरून गेलेली असते, त्याच्याशी लढाई होते, ती त्याच अंकात संपते, आणि मेरी जेनसाठी पीटर व्हेनमची आठवण करून देणारा काळा ड्रेस सोडून परत लाल-निळा घालतो. अंक मिटवताना पूर्ण काहीतरी वाचल्यासारखं वाटतं. आम्हाला एवढंच हवंय, एक लेखक, एक चित्रकार, एक अख्खी गोष्ट.

तुम्हाला विनंती एकच, पुढच्या वेळी अशा अंकावर लेख छापाल तेव्हा कव्हरं किती आणि पानं किती याच्या आधी आतली गोष्ट तिथेच पूर्ण होते का, तेवढं नक्की सांगा.

आपला,
एक नियमित वाचक