‘हे अंशतः खरे आहे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या मराठवाडा पानावर अधिवेशनाचा हिशेब छापून आला होता. कोणत्या आमदाराने किती प्रश्न विचारले, पहिला कोण, शेवटचा कोण, शेजारी फोटो. आमच्या चौकातल्या टपरीवर त्यावर दोन दिवस चर्चा चालली. आमचे आमदार खालून तिसरे निघाले म्हणून एकाने "बघा, ह्यांनी तोंडच उघडलं नाही" असा निकालही देऊन टाकला. मी गप्प बसलो. टपरीवर वाद घालायचा नाही असं घरून बजावलेलं आहे, म्हणून हे पत्र.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत ३१ वर्षं नोकरी केली. कनिष्ठ सहायक म्हणून लागलो, वरिष्ठ सहायक म्हणून बाहेर पडलो. त्यातली बरीच वर्षं शिक्षण विभागात, शाळा इमारतींच्या टेबलावर गेली. आमदार विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, हे झालं पेपरातलं. ते उत्तर मुळात लिहितो माझ्यासारखा माणूस, संध्याकाळी साडेसातला, शिपायाला चहाला पाठवून.

प्रश्न मंत्रालयातून संचालनालयात, तिथून आमच्याकडे, आमच्याकडून पंचायत समित्यांना, तिथून केंद्रप्रमुखाला असा उतरत जातो. शेवटी कुठल्यातरी वस्तीवरच्या मुख्याध्यापकाचा फोन वाजतो: "गुरुजी, तुमच्या किती खोल्या पडायला आल्यात? लवकर सांगा, एलएक्यू आहे." विधिमंडळाच्या प्रश्नाला आमच्याकडे एलएक्यूच म्हणतात. कागदावर ‘अतितात्काळ’ असा शिक्का आणि ‘आजच सायंकाळी ५ पर्यंत’. तो कागद आमच्या हातात पडायचा साडेचारला. नागपूरचं अधिवेशन आलं की मुख्यालय सोडू नये असं परिपत्रक निघायचं आणि डिसेंबरातली लग्नं बुडायची.

उत्तर लिहायची पहिली पायरी कोणती, माहीत आहे का? शाळेत जाऊन खोली बघणं नव्हे. "मागचं उत्तर काढा." गार्ड फाईलमध्ये मागच्या अधिवेशनाचं उत्तर असतं. ते समोर ठेवायचं, आकडे थोडे हलवायचे, पण फार नाही, कारण मागे ४१ खोल्या धोकादायक सांगितल्या आणि आता ६८ सांगितल्या तर मधल्या २७ कुठून आल्या हे कोणीतरी विचारील. ज्या तालुक्याची माहिती आली नाही त्याच्यापुढे ‘निरंक’. निरंक म्हणजे तिथे काही नाही असा अर्थ होतो, आणि आम्ही तो शब्द तिथून काही आलं नाही या अर्थाने वापरायचो. दोन्हींत किती फरक आहे ते त्या तालुक्यातल्या पोरांना विचारा.

प्रश्नाचा साचाही वाचकांनी एकदा बघून ठेवावा. पहिला भाग: अमुक ठिकाणी अमुक गैरप्रकार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? मग: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटी ठरलेलं वाक्य: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? ह्या साच्याला आमच्याकडेही साचा तयार असायचा. पहिल्याला ‘हे अंशतः खरे आहे’. मधल्याला ‘कार्यवाही सुरू आहे’. शेवटच्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘अंशतः’ हा शब्द ज्या कोणी शोधून काढला त्याचा पुतळा प्रत्येक जिल्हा परिषदेसमोर हवा. किती अंश, हे कोणी विचारत नाही.

आता एक प्रकरण सांगतो. गावाचं नाव आणि माझ्या ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी शाळा अजून निजामकालीन इमारतींत भरतात. दगडी भिंती, चुना, वर सागाचे सर आणि पत्रे. बांधणारांनी चांगल्याच बांधल्या होत्या, पण चुन्यालाही वय असतं. अशा खोल्या पाडायच्या तर आधी निर्लेखन करावं लागतं, म्हणजे सरकारी मालमत्तेच्या यादीतून ती खोली रीतसर कमी करायची. तोवर ती पडायला आली तरी पाडता येत नाही, आणि ती पाडल्याशिवाय त्या जागेवर नवी मिळत नाही. एका गावातल्या अशा दोन खोल्यांचा प्रस्ताव आमच्याकडे आला होता. पोरं मारुतीच्या सभामंडपात बसत होती, शनिवारी नारळ फुटायला लागले की वर्ग सुटायचा.

त्या काळात धोकादायक खोल्यांवर पहिला प्रश्न आला तो आपल्या यादीत शोभेल असा. जिल्ह्यातील अनेक शाळांच्या वर्गखोल्या धोकादायक झाल्या असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? एकाच मजकुराखाली पाच-सहा आमदारांची नावं. ज्या दिवशी तुम्ही मोजदाद करता त्या दिवशी त्या सगळ्यांच्या खात्यावर एकेक प्रश्न जमा होतो. आम्ही अर्ध्या तासात उत्तर पाठवलं. अंशतः खरे आहे, प्रस्ताव प्राप्त झाले असून कार्यवाही सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही. कोणालाही घाम फुटला नाही.

पुढच्या पावसाळी अधिवेशनात एका वेगळ्याच आमदाराचा प्रश्न आला. फारसं न बोलणारा माणूस, त्या अधिवेशनात त्याचे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. मजकूर मला अजून जवळजवळ पाठ आहे. मौजे अमुक येथील शाळेच्या दोन वर्गखोल्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेस अमुक दिनांकास, आवक क्रमांक अमुक अन्वये प्राप्त झाला, हे खरे आहे काय. असल्यास, सदर प्रस्ताव आज रोजी कोणत्या अधिकाऱ्याकडे व किती दिवसांपासून प्रलंबित आहे?

आमच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हा आवक नंबर ह्यांना दिला कुणी?"

दिला होता गावातल्या निवृत्त हेडगुरुजींनी. प्रस्ताव दाखल केला त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली होती, जांभळ्या शिक्क्यात तारीख आणि आवक क्रमांक. चौदा महिने ती प्रत त्यांच्या पंचांगात घडी करून ठेवलेली होती. आमदार गावात दहाव्याला आले तेव्हा गुरुजींनी ती त्यांच्या पीएच्या हातात दिली आणि म्हणाले, "खोल्या द्या म्हणत न्हाई मी. हा कागद कुठं बसलाय तेवढं इचारा."

त्या दिवशी फाईल सापडली. बांधकामवाल्यांच्या कपाटावर, दुष्काळी अनुदानाच्या याद्यांच्या गठ्ठ्याखाली. मूल्यांकनाच्या कागदावर उपअभियंत्याची एक सही राहिली होती. सहीसाठी चौदा महिने. त्यानंतर सही, टिपणी, मंजुरी, आदेश, सगळं मिळून नऊ दिवस. ‘अंशतः’ लिहायला जागाच नव्हती. आवक क्रमांक अंशतः खरा नसतो.

पण उत्तर कसं गेलं तेही ऐका, कारण ते मी लिहिलं होतं. (१) होय, हे खरे आहे. (२) सदर प्रस्तावास मंजुरी देण्यात आली आहे, आणि पुढे तारीख. प्रलंबितच नाही म्हटल्यावर विलंबाच्या कारणांपुढे: प्रश्न उद्भवत नाही. चौदा महिने त्या तीन शब्दांत गाडले गेले. ती मंजुरीची तारीख उत्तर पाठवल्याच्या फक्त चार दिवस आधीची होती, पण दोन तारखा शेजारी ठेवून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. पेपरातही नाही. निर्लेखन म्हणजे फक्त जुनं पाडायची परवानगी हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. नव्या खोल्यांना पुढे आणखी तीन वर्षं लागली आणि त्यावर पुन्हा प्रश्न आला नाही.

तारांकित आणि अतारांकित यातला फरकही ऑफिसात बसल्यावरच कळतो. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, विषय संपला. तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर उपप्रश्न येतात, म्हणून मंत्र्यांसाठी पूरक टिपणी करावी लागते. संपादक महोदय, खरी माहिती त्या टिपणीत असते. कोणी उशीर केला, निधी कुठे वळवला, अडचण काय. उत्तर चार ओळींचं आणि टिपणी चार पानांची. तुमच्या हातात पडतं ते उत्तर. आमदाराला विषय माहीत असेल तर तो उपप्रश्नातून टिपणीतलं एखादं पान बाहेर काढू शकतो. मंत्री बोलून गेले की "तपासून कार्यवाही करू", की ते आश्वासन झालं. त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, आणि तिचं पत्र आलं की आमच्याकडे पुन्हा फाईल खाली उतरायची. दिल्लीत लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. त्या वीसांतले तोंडी चर्चेला येतात थोडेच, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर. म्हणजे खूप मोठा कारभार कागदावरच चालतो. कोणीतरी तो कागद वाचला पाहिजे.

उत्तरांतून किती निघतं त्याचे दोन दाखले आपल्याच भागाच्या जिव्हाळ्याचे आहेत, दोन्ही जून २०१९ मधले. विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी बीड जिल्ह्यातल्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय काढला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उत्तरातून आकडा बाहेर आला: तीन वर्षांत ४,६०५. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबद्दल गावोगाव बोललं जात होतंच, डॉक्टरांच्या पाट्याही सगळ्यांना पाठ होत्या. पण सरकारच्या तोंडून आकडा आला आणि मग चौकशीची गोष्ट कोणाला टाळता येईना.

दुसरा दाखला विधानसभेतला. तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री सुभाष देशमुख यांच्या लेखी उत्तरात २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ६,८८८ प्रकरणं मदतीला पात्र ठरली, असं होतं. बातमी झाली ती पहिल्या आकड्याची. मी जन्माचा कारकून, मी वजाबाकी केली. ५,१३३ उरतात. मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ह्या ५,१३३ घरांना तेवढंही कोणत्या कारणाने नाही? सातबारा नावावर नव्हता म्हणून, कर्ज बँकेचं नसून सावकाराचं होतं म्हणून, की कागद कुठल्या कपाटावर बसला म्हणून? जिल्हावार, कारणवार मागितलं असतं तर द्यावं लागलं असतं. तो दुसरा प्रश्न लिहायला एक कारकून पुरला असता.

संख्येचं म्हणाल तर डिसेंबर २००५ आठवावा. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेने ११ खासदार काढून टाकले. मोजदादीच्या तक्त्यात त्यांचेही प्रश्न इतरांच्या प्रश्नांइतकेच भरले असते.

आणि एक. प्रौढ मतदानाने निवडलेला आमदार आपल्या भागाला पहिल्यांदा मिळाला तो १९५२ साली, हैदराबादच्या विधानसभेत. माझे वडील सांगायचे की त्याआधी गावात प्रश्न विचारायचे ते पाटील, आणि उत्तर द्यायची ती रयत. मला ते पुष्कळ वर्षं विनोद म्हणून आवडायचं. टेबलावर बसल्यावर कमी आवडायला लागलं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या अधिवेशनानंतर तक्ता छापायचाच असेल तर छापा, पण त्याच्याखाली दर आठवड्याला आपल्या आठ जिल्ह्यांतला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं, काटछाट न करता छापा. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात. निवडायला माणूस नसेल तर मी आहे, मोबदला नको. गुडघे गेले आहेत, डोळे शाबूत आहेत. ज्या वाचकांकडे कुठल्या अर्जाची पोच पडून असेल त्यांनी ती लॅमिनेट करून न ठेवता झेरॉक्स काढून आपल्या आमदाराच्या पीएला नेऊन द्यावी, तारीख आणि आवक क्रमांक नीट दिसेल अशी. जांभळी शाई फिकट होते, म्हणून आधी पेनाने बाजूला लिहून ठेवावं.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ सहायक,
अंबाजोगाई

(पेन्शन चालू आहे, तरी नाव छापू नये.)