हिमालयात जाणाऱ्यांनी आधी उताराचा कोन पाहावा

महोदय,

दिवाळी झाली की साताऱ्याचे ट्रेकर वासोटा, प्रतापगडाकडे वळतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा, ब्रह्मताल या बर्फातल्या ट्रेकसाठी निघणारे गटही आता जिल्ह्यात दिसतात. सह्याद्रीत हे महिने सर्वांत निर्धोक. पाऊस संपलेला, कातळ सुकलेला. त्याच हिशेबाने ‘अजून बर्फ फारसा पडलेला नाही, मग भीती कसली’ असे सांगून नवख्यांना वर नेले जाते. हे सांगणे घातक आहे.

हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहते, पण निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग उणे दहा-पंधरापर्यंत थंड होतो. दर 10 सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकू लागते आणि तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या उतारांवर हा कमकुवत थर आठवडेच्या आठवडे टिकतो. पुढे पश्चिमी चक्रावात (हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणारी हवामान प्रणाली) आला, 30-40 सेंटिमीटर नवा बर्फ पडला आणि वाऱ्याने तो घट्ट केला, की सुट्या दाण्यांवर जड लादी तयार होते. मग एका माणसाचे वजनही पुरते. हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा सोबत्यांनीच तोडलेली असते. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-2 शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतील 29 जण हिमस्खलनात गेले. ते प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते, आणि हिवाळा अजून सुरूही व्हायचा होता.

लादी सुटते ती मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर. चालायची काठी उताराच्या दिशेने वरून खाली बर्फावर लांब ठेवावी, तिच्यावर मोबाईल ठेवून कोन मोजावा. आपण उभे आहोत तेवढाच उतार पाहून भागत नाही. वाट सपाट असली तरी डोक्यावर 38 अंशांचा उतार असेल, तर वरून येणारा बर्फ त्याच वाटेवर येतो. घळीच्या तोंडाशी तंबू लावू नयेत. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, बर्फाला लांब भेग गेली किंवा शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, तर तिथूनच परतावे. मोठ्या बर्फवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस थांबावे; तळाचा थर कमकुवत असेल तर तेवढेही पुरत नाही. संशयित उतार टाळताच येत नसेल, तर एकेकाने पार करावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी.

भाड्याने मिळणारे मायक्रोस्पाइक (बुटांना लावायचे काटे) घसरण्यापासून वाचवतात, हिमस्खलनापासून नाही. गाडला गेलेला माणूस शोधून काढण्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (रेडिओ संकेत देणारे आणि पकडणारे छोटे यंत्र), किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची सळई) आणि धातूचे फावडे हवे. एकट्या म्होरक्याकडे असून उपयोग नाही. तोच गाडला गेला तर शोधणार कोण? पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात, अर्ध्या तासानंतर बहुतेकांचा श्वास गुदमरलेला असतो. एवढ्या वेळात खालच्या गावातून मदत पोहोचत नाही. ट्रान्सीव्हरने शोध घेताना मोबाईल बंद करून दूर ठेवावा, त्याच्यामुळे संकेतात अडथळा येतो. प्रोब टेकला की डोक्यावरून खड्डा न करता उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जावे आणि चेहरा दिसताच आधी तोंड-नाक मोकळे करावे.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. आयोजकांनी ते रोज पाहावेत आणि कोणत्या इशाऱ्याला ट्रेक रद्द होईल हे पैसे घेण्याआधीच लेखी कळवावे. सराव साताऱ्यातच करता येतो. चालू ट्रान्सीव्हर पिशवीत घालून नांगरलेल्या रानात पुरावा आणि गटाला शोधायला लावावे. पाच मिनिटांत पिशवी हाती लागत नसेल, तर त्या गटाला तीव्र उताराखालून नेऊ नये.

– एक गिर्यारोहण प्रशिक्षक, सातारा